दारात ठेवलेली कुराड

"ह्यानं काय सुपारी फोडायची व्हय रं, रविराज?"

नानांनी माझी नवी कुराड दोन बोटांत धरून उलटीसुलटी केली. मी ती मोबाईलवरनं मागवली होती, कराडातल्या मित्राच्या दुकानात पार्सल घेतलं. हातभर दांडा, काळं पातं, मागनं टोक. वर कमरेला लावायचं म्यान.

"आवं नाना, ही जंगलातली हाय. फॉरेनची लोकं तंबू घिऊन हिंडत्यात, ती वापरत्यात."

"मग आपुन बी हिंडतूच की. आपल्याला कुनी म्यान दिलं न्हाई."

चुलीपाशी बसलेली काकी एवढी हसली की भाकरीच करपली. मला राग आला. राग मला लवकर येतो. दहावीला असताना मास्तर भर वर्गात मला "मेंढरू" म्हणाले. मी दप्तर तिथंच टाकून घरी आलो, परत गेलोच नाही. तेव्हापासनं नानांबरोबर आहे. नाना माझे थोरले चुलते. दिवाळी झाली की आम्ही आटपाडीकडनं वाडा, म्हणजे मेंढरं आणि सगळं बिऱ्हाड, घेऊन कृष्णाकाठाला उतरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत फिरतो.

नानांची कुराड म्हणजे छातीला लागेल एवढ्या दांड्याची. दांडा धावड्याचा, घामानं काळा पडलेला, काचेसारखा गुळगुळीत. पातं झिजून झिजून चार बोटं उरलेलं. तिनंच फांदी पाडायची, तिनंच वाघरीच्या, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, मेखा ठोकायच्या, तिनंच जळण फोडायचं. काकी म्हणायची, "माज्या आदी घरात आलीया ती. माजी सवतच म्हना की."

पाला पाडायची नानांची एक रीत होती. बांधावर मालक दिसला की आधी विचारायचं. एका झाडाच्या तीनच फांद्या. त्याही सालीवर ठेवायच्या. म्हणजे घाव असा घालायचा, की फांदी वाकून खाली येते पण तुटून पडत नाही. मेंढरं खालनं पाला खातात. आणि शेंड्याला हात लावायचा नाही. "शेंडा गेला की झाड बसतं," नाना म्हणायचे. मला हे सगळं म्हाताऱ्याचं नाटक वाटायचं. माझ्या कुराडीनं मनगटाएवढी फांदी दोन घावात खाली यायची.

उंब्रजजवळ सुभेदार नाथाजींच्या रानात आम्ही दर वर्षी मेंढरं बसवतो. ऊस तुटून गेला की रिकाम्या रानात रात्रभर मेंढरं कोंडायची, त्यांना खत होतं, आम्हाला धान्य आणि चारा. सुभेदार मिलिटरीतनं रिटायर झालेले. त्यांचा पोरगा वीरधवल कराडला इंजिनियरिंगला. त्या दिवशी तो बांधावर गाडी लावून उभा राहिला.

"काय रे, दहावी झाली का?"

"सोडली."

"बरं झालं. एक मेंढरू वाढलं तुमच्यात."

तो हसत निघून गेला. त्याला काय माहीत तो शब्द मला कुठं लागतो. बांधावर त्यांची बाभळ होती, सरळ वाढलेली. मी सरसर वर चढलो, काटे टोचले ते कळलंही नाही. शेंडा गाठला आणि तोडला. पाच-सहा घाव असतील. शेंडा बांधाच्या पलीकडं पडला तेव्हा मला लय बरं वाटलं. खाली उतरेपर्यंतच.

संध्याकाळी सुभेदारांनी आम्हाला दारात बोलावलं.

"कुनी तोडला?"

नानांनी माझ्या हातांकडं बघितलं. कोपरापर्यंत ओरबाडलेले. माझी कुराड कमरेला होती, शर्टाखाली. बाभळीचा डिंक लागून म्यान चिकट झालेलं.

नाना पुढं गेले आणि खांद्यावरची कुराड पायरीवर आडवी ठेवली. आमच्यात चूक कबूल करायची ती अशी, कुराड मालकाच्या दारात ठेवून.

"चूक झाली, सुभेदार."

"नाना, तुमचा घाव मी वळखतो. तीस वर्सं बघतोय. ह्यो तुमचा न्हाई."

"वाडा माजा हाय. वाड्यातला घाव बी माजाच."

सुभेदारांनी ती उचलून आत नेली आणि बाहेर आले. मग म्हणाले, "पुढल्या साली यायचं का न्हाई, त्ये मी निरोप धाडीन."

मी तोंड उघडलं होतं. शर्टाखालच्या म्यानाला हात लागला तसं मिटलं. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला एवढंच वाटलं, की बोललो तर माझी नवी कुराड जाईल.

दुसऱ्या दिवशी वाडा उचलला. कराडच्या अलीकडं मुक्काम पडला. नाना मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो तरी असतो. चालताना त्यांचा उजवा हात सारखा खांद्याकडं जायचा आणि मधूनच खाली यायचा. ओढ्याकाठी बाभळीखाली मेंढरं जमली, माना वर करून नानांकडं बघायला लागली. नाना हातानंच डहाळ्या मोडायला लागले. बोटांतनं रक्त आलं.

मी माझी कुराड पुढं केली. "घ्या की नाना."

"नगं. ती तुजी हाय."

रात्री काकी एवढंच म्हणाली, "पुढल्या वर्साला त्ये रान न्हाई मिळालं, तर बाकीची गावं बी इचारत्याल, का न्हाई मिळालं. काय सांगायचं त्यास्नी?"

सकाळी मी एसटीनं उंब्रजला गेलो. सुभेदार अंगणात पेपर वाचत होते. वीरधवल कट्ट्यावर मोबाईल घेऊन बसलेला. मी कमरेचं म्यान सोडलं, कुराड पायरीवर ठेवली.

"म्या तोडला शेंडा. नानांचा काय संबंध न्हाई."

"ठावं हाय. कशापायी तोडलास?"

"रागानं."

"कुनाच्या?"

वीरधवल मोबाईलमध्ये बघत होता, पण त्याचं बोट हलत नव्हतं. सांगावंसं लय वाटलं.

"माज्याच," मी म्हणालो.

सुभेदारांनी पात्यावरनं अंगठा फिरवला. "धार चांगली हाय. घाव मातुर वाईट." ते आत गेले आणि नानांची कुराड घेऊन आले. पुसून ठेवलेली होती. "ही घिऊन जा. नानास्नी सांग, पुढल्या साली बी आमच्याच रानात बसवा."

मी फाटकापर्यंत गेलो तेव्हा वीरधवल मागनं आला. काहीतरी बोलणार होता बहुतेक. मग म्हणाला, "स्टँडवर सोडू का?"

"चालतंय मला," मी म्हणालो आणि त्याच्या गाडीवर मागं बसलो.

मुक्कामावर आलो आणि मोठ्या तोऱ्यात नानांपुढं कुराड धरली. सगळं सांगितलं, रान मिळाल्याचंही. काकीनं चुलीपुढनंच हात जोडले. नानांनी दांड्यावरनं वरपासनं खालपर्यंत हात फिरवला आणि कुराड परत माझ्याकडं दिली.

"आवं, तुमचीच हाय की."

"दारात ठिवलेली कुराड आपन मागारी घेत न्हाई. माज्या आज्याचा नेम हाय त्यो. सुभेदारानं ती तुज्या हातात दिली, माज्या न्हाई. आता तूच वागव."

"आसला कसला नेम? कोन बघतंय हितं?" मी ओरडलोच.

"मी बघतूय की," नाना म्हणाले आणि काकीची काठी घेऊन लंगड्या मेंढीमागं गेले.

आमच्यात कुराडवाला पुढं चालतो आणि रानाच्या मालकाशी तोच बोलतो. मागनं बायका, कोकरं, आजारी जनावरं. तिथनं पुढं रोज मी पुढं चाललो. दांडा मला उंच पडत होता, खांदा सोलून निघाला. मी फांद्या सालीवर ठेवायला लागलो. पहिल्या दिवशी चारातल्या दोन तुटल्या.

आठवड्यानं तासगावच्या अलीकडं एका द्राक्षबागेपाशी पोचलो. बागेचा मालक जोतिबाअण्णा, नानांच्या ओळखीतला. नानांची आणि त्याची दर वर्षी तिथं तंबाखू व्हायची. तो गाडीवरनं उतरला. नाना कोकरं घेऊन मागनं येतच होते. त्यानं त्यांना बघितलं, मान हलवली. मग त्याची नजर माझ्या खांद्यावर आली आणि तो माझ्याकडं वळला.

"काय पावनं, किती मेंढरं हायती औंदा? किती दिस बसवताय?"

मी मागं बघितलं. नाना एका कोकराला मांडीवर घेऊन खाली बसले होते आणि त्याच्या खुरातला काटा काढत होते. मान वर करतच नव्हते.

"दीडशे," मी म्हणालो. "तीन दिस."

ते कोकरू सकाळपासनं माझ्यापुढंच उड्या मारत आलं होतं. त्याच्या खुरात काटा नव्हता.