तळ्यातले मासे नकोत

मी आखून दिलेल्या सहलीवरून परतलेला माणूस आठवडाभर अंथरुणातून उठत नाही, असं माझा नवरा गावभर सांगत फिरतो. त्यात खोटं काही नाही. एवढ्या लांब गेलात तर पहाटे उठा, धबधबा बघा, डोंगर चढा, संध्याकाळी बाजार पालथा घाला. झोपायचंच असेल तर स्वतःची गादी काय वाईट आहे? रिकामी दुपार दिसली की माझ्या हाताला खाज सुटते. त्यामुळे मास्तर ऑफिसात आले आणि "ताई, आम्हाला निवांत सहल पाहिजे," म्हणाले, तेव्हा मला आधी रागच आला.

मास्तर म्हणजे आमच्या रस्त्याच्या तोंडाशी दुकान असलेले शिंपी. माझ्या शाळेच्या गणवेशापासून सगळं त्यांनीच शिवलंय. ते मशीनवर आणि त्यांची बायको, आमच्या चाची, त्यांच्या मागे स्टुलावर काजबटणं करत बसलेल्या, असंच मी दोघांना कायम पाहिलं. मास्तरांनी शिवलेला प्रत्येक कपडा चाची उलटा करून आतली शिवण बघणार, मगच घडी घालणार. "बाहेरून काय, सगळेच सरळ शिवतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि त्यावर मास्तरांचं तोंड वाकडं होणं हेही ठरलेलं.

"निवांत म्हणजे कसं?" मी विचारलं.

"काही बघायचं नाही. एका जागी बसायचं."

"मग घरी बसा की, मास्तर."

ते हसले नाहीत. आफ्रिकेतल्या एका शहराचं नाव त्यांनी घेतलं. तळ्याकाठचं शहर. तळं म्हणायचं एवढंच, पलीकडचा काठ डोळ्यांना दिसत नाही. नाव ऐकलं आणि मी जीभ चावली. त्यांचा एकुलता एक मुलगा तिथेच गेला होता, मासळीच्या शीतगृहात यंत्रं दुरुस्त करायला. तिथेच तापाने गेला. इकडे दोघांचे पासपोर्टही नव्हते, आणि दफन कुणासाठी थांबत नाही. मित्रांनी मूठमाती दिली आणि कबरीचा एक फोटो पाठवला. ताजी लाल माती, उशाला लाकडी फळी, आणि मागे सगळं पाणीच पाणी. तो फोटो चाचींच्या स्टुलासमोर भिंतीवर असायचा.

म्हणजे सहल हे लोकांना सांगायचं नाव होतं. चाची स्वतः मात्र आडपडदा ठेवत नव्हत्या. दुसऱ्या खेपेला त्या मास्तरांबरोबर आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "कबरीला एकदा हात लावून येते. आईचा हात लागला नाही त्या मातीला. तेवढं झालं की मला दुसरं काही नको."

मग मी कामाला लागले. मुसलमान गिऱ्हाइकांच्या सहली मी पुष्कळ आखल्यात, त्यामुळे काय काय विचारायचं हे मला तोंडपाठ आहे. स्वयंपाकघरात हलाल मांस कुठून येतं, तव्याला दुसरं काही लागतं का, रश्शात दारू घालतात का, मशीद चालत जाण्यासारखी आहे का, खोलीत नमाजासाठी किब्ल्याची दिशा दाखवलीय का, संडासात पाण्याचा फवारा आहे का. हॉटेलवाले शेवटच्या प्रश्नाला हसतात, मी हसत नाही. या शहरात मशिदी होत्या, हलाल खाणावळीही होत्या, पण तळ्यासमोरच्या शांत हॉटेलांपासून त्या लांब. मास्तरांचे गुडघे लांब चालू देत नव्हते. तेव्हा मी डोकं लढवलं: मासे! मासा म्हटलं की प्रश्नच मिटला, तो कुणी कापला हे विचारावं लागत नाही. समोर तळं, तळ्यात मासे, हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळी कढई. शिवाय माझ्या स्वभावाला औषध नाही म्हणून एका संध्याकाळी मी होडीचा फेराही आखणीत टाकला. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी मास्तरांना फोन केला.

"मासे नकोत," मास्तर म्हणाले.

"अहो, पण तुम्ही तर मासे म्हटलं की जेवणावरून उठत नाही!"

"तळ्यातले नकोत. होडी पण नको."

"मग खाणार काय? भात आणि वरून हवा?"

"ब्रेड खाऊ. अंडी खाऊ. तुम्ही होडी काढून टाका, ताई." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी चिडले. माझ्या आखणीत कुणी हात घातला की मी चिडतेच. पण मास्तर कधी हट्ट करणारे नव्हते, म्हणून राग ओसरल्यावर मला कसंतरी वाटायला लागलं. तिथला आमचा ड्रायव्हर जुना आणि सज्जन माणूस आहे. त्याला मी कबरस्तानाचा रस्ता बघून ठेवायला सांगितलं होतंच. मी त्याला फोन लावला आणि विचारलं, गाडी आतपर्यंत जाते का.

तो म्हणाला, "मॅडम, वरचा भाग आहे. खालचा नाही राहिला. मागच्या पावसाळ्यांत तळं वर चढलं ते उतरलंच नाही. काठावरची घरं गेली, रस्ता गेला, कबरींच्या खालच्या रांगा गेल्या. तुम्ही सांगितलेली जागा खालची आहे."

"गेली म्हणजे?"

"पाण्यात, मॅडम."

मी त्याच्यावरच ओरडले, जणू तळं त्यानेच सोडलं होतं. त्याने ऐकून घेतलं.

मास्तरांच्या दुकानात मी तशीच गेले. चाची दवाखान्यात गेल्या होत्या. मी काही म्हणायच्या आधीच मास्तरांनी माझं तोंड बघितलं आणि मशीन थांबवलं. त्यांना माहीत होतं. पोराच्या मित्राने कधीच कळवलं होतं.

"मग नेता कशाला त्यांना तिथे?" माझा आवाज चढला. "त्या हात लावायला निघाल्यात, मास्तर! काय दाखवणार आहात?"

"रोज म्हणते, मला मरायच्या आधी ने. डॉक्टरने तिच्या हृदयाचं काय सांगितलंय ते तुम्हाला माहीत नाही." त्यांनी हातातली टेप गुंडाळली, परत सोडली. "इथे बसून सांगितलं तर इथेच संपेल ती. तिथे नेतो. तळ्यासमोर बसवतो. रस्ता बंद आहे म्हणायचं, उद्या बघू म्हणायचं. त्याच्या जवळ तर बसेल ना? तिला कळलं नाही तरी मला कळेल, ती त्याच्याजवळ बसलीय. मासे तेवढे नकोत, ताई. मी तिच्या ताटात ते कसे बघू?"

मी माझ्या त्या वेगळ्या कढईचं कौतुक आठवून मान खाली घातली.

"तुमच्या ड्रायव्हरला सांगा, रस्ता बंद आहे एवढंच म्हणायचं," मास्तर म्हणाले.

ड्रायव्हर आधी तयार होईना. आपण खोटं बोलत नाही म्हणाला. मग मीच त्याला म्हटलं, रस्ता पाण्याखाली आहे, म्हणजे बंदच आहे, यात खोटं कुठे आलं? तेव्हा तो कबूल झाला. आखणी पुरी झाली. सकाळ रिकामी, दुपार रिकामी, संध्याकाळ रिकामी, आणि तळ्यासमोरच्या गच्चीवर दोन खुर्च्या. एवढी मोकळी सहल मी जन्मात कुणाला आखून दिली नव्हती.

निघायच्या आदल्या आठवड्यात चाची एकट्याच ऑफिसात आल्या. व्हिसाचे फोटो द्यायचं निमित्त होतं, पण फोटो तर आधीच दिले होते. समोर बसून त्या पदराचं टोक बोटांनी चाचपत राहिल्या.

"मास्तर तुम्हाला मासे नको म्हणाले?"

"पथ्य असेल," मी म्हटलं.

"काल रात्री मासेच खाल्ले त्यांनी. मला काटे काढून दिले. आणि होडी होती म्हणे. ती पण काढली."

"गुडघे दुखतात त्यांचे."

"होडीत बसायला गुडघे लागत नाहीत, बेटा." त्या मला पहिल्यांदाच बेटा म्हणाल्या. "इतकी वर्षं मी त्या माणसाची शिवण उलटी करून बघितलीय. कुठे टाका चुकला की ते आधी बोलायचे थांबतात. महिना झाला, जाण्याचा विषय निघाला की ते बोलत नाहीत. एक सांगा. माझं पोर पाण्यात आहे का?"

मी दिवसभर टकळी चालवणारी बाई. विमान चुकलेल्या माणसालाही मी बोलून बोलून गार करते. त्या वेळी माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. मास्तरांना वचन दिलं होतं म्हणून नाही, तर काय बोलायचं तेच मला कळेना. आणि माझं गप्प बसणं म्हणजे उत्तरच होतं.

मी उठून त्यांच्या खुर्चीजवळ गेले. डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं. पाणी दिलं, तर त्यांनी ग्लासकडे बघितलं आणि तो तसाच परत ठेवला. त्या रडल्या नाहीत. मग म्हणाल्या, "थंडी त्याला सोसायची नाही. लहानपणी अंघोळीला रडायचा."

तेव्हा रडले ती मीच.

"सहल रद्द करू का, चाची?" मी डोळे पुसत विचारलं.

"नाही. जाणार मी. फक्त त्यांना सांगू नका, मला कळलंय ते. मला सांभाळतोय असं त्यांना वाटतंय. बाप म्हणून त्यांच्या हातात दुसरं उरलंय काय? करू द्या."

अशी ती दोघं गेली, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत. मी इथून रोज ड्रायव्हरला फोन करायची. तो सांगायचा, दोघं सकाळपासून गच्चीवर बसतात. ब्रेड, अंडी, चहा. आजी रोज मला विचारते, रस्ता उघडला का? मी म्हणतो, नाही. ती म्हणते, बरं, उद्या बघू. आणि नवऱ्याच्या गुडघ्यावरची चादर नीट करते. "मॅडम," तो म्हणाला, "मला वाटतं, तिला माहीत आहे." मी त्याला म्हटलं, तू गाडी चालव.

परत आल्यावर दोघं मला भेटायला आली. मास्तर ऑफिसच्या दाराशीच खुर्ची घेऊन बसले, रस्त्याकडे तोंड करून. चाची वाळल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. शेवटच्या सकाळचं त्यांनीच सांगितलं.

सामान गाडीत चढवलं होतं. चाची म्हणाल्या, जरा पाय मोकळे करते, आणि उतरून पाण्यापर्यंत गेल्या. चपला काठावर काढल्या. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी पोरासाठी फातेहा वाचली. मग वाकल्या आणि पाण्यावरून तळवा फिरवायला लागल्या, कबरीवरची माती सारखी करतात तसा. पाणी कुठलं सारखं होतंय? हात फिरवला की पुन्हा सुरकुत्या पडायच्या. त्या पुन्हा फिरवायच्या. मागे मास्तर येऊन उभे होते हे त्यांना कळलंच नाही.

"मला वाटलं, आता विचारतील, हे काय करतेस म्हणून," चाची म्हणाल्या. "मी काय सांगणार होते? पण त्यांनी काही विचारलं नाही. बूट न काढता तसेच आत आले. माझ्या शेजारी वाकले आणि त्यांनीही हात फिरवला. खूप वेळ. मग माझा हात धरला पाण्यातच आणि म्हणाले, चल आता. झोपू दे त्याला."