गुलाबी ठिगळाची चासी

"चासी बदलाल हो, कवळीवाले, पण हात कुठून बदलून आणणार?"

अध्यक्ष हे मुद्दाम मोठ्यानं बोलले, त्यामुळे ज्यांना ऐकायचं नव्हतं त्यांचीही सोय झाली. फर्निचरच्या दुकानामागची गाड्या लावायची जागा रविवारी सकाळी रिकामी असते. तिथे खडूनं आखलेल्या वळणांवरून रिमोटच्या गाड्या पळवायला वीसेक माणसं जमत. वीस माणसं जमली की एक अध्यक्ष लागतो, तसे हे होते. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणाच्या अर्जावर शेरा मारायला मिळाला नव्हता. कवळीवाल्यांचा अर्ज हातात पडला आणि त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला.

अर्ज एका ओळीचा होता. 'मला मोठ्या गटात घ्यावे.'

क्लबात दोन गट होते, नवशिक्यांचा आणि मोठ्यांचा. नवशिक्यांच्या गाड्यांना प्लास्टिकची चासी असे. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. वरचं रंगीत कवच काढलं की खाली साबणदाणीसारखं जे काही दिसतं, ते. कवळीवाले सात वर्षं याच गटात होते. गटातले बाकीचे स्पर्धक त्यांना आजोबा म्हणत आणि शर्यतीआधी त्यांच्याकडून बुटांच्या नाड्या बांधून घेत. नाड्या बांधून झाल्या की त्यांना हरवत.

सात वर्षांत त्या साबणदाणीत त्यांनी काय म्हणून घातलं नव्हतं? चाकांना बेअरिंग झाले, धक्के सोसणारे तेलाचे शॉक झाले, प्लास्टिकच्या दांड्याच्या जागी धातूचा दांडा झाला. चासी तडकली तर मात्र नवी आणत नसत. दाताच्या दवाखान्यामागच्या खोलीत ते एकेचाळीस वर्षं कवळ्या बनवत होते. तुटलेली कवळी ज्या गुलाबी पावडरीनं सांधतात, त्याच पावडरीनं ते चासी सांधत. त्यामुळे गाडी उलटली की हिरड्या दाखवून हसते आहे असं वाटे. आणि ती बऱ्याचदा हसे.

"हातांचं काय ते स्पष्ट बोला," कवळीवाले म्हणाले.

"स्पष्टच बोलतोय. कापतात. मोठ्या गटातली गाडी म्हणजे बंदुकीची गोळी. तुमचा हात इथे एवढासा हलला की ती तिकडे भिंतीत. तुमच्या काळजीपोटी सांगतोय हो."

"भिंत तुमची आहे का?"

"भिंतीचा प्रश्न नाही."

"मग नियम दाखवा. हातांबद्दल काय लिहिलंय?"

अध्यक्षांनी नियमावली उघडली. ती त्यांनी स्वतःच लिहिली होती. चाकांची रुंदी, बॅटरी, वजन, कवचाचा रंग, सगळं तीत होतं. हातांचा विषय तेवढा राहून गेला होता.

"चासी नियमात बसली पाहिजे," ते शेवटी म्हणाले. "प्लास्टिकची चालणार नाही."

"बसेल," कवळीवाले म्हणाले आणि हिरड्या दाखवणारी गाडी पिशवीत घालून घरी गेले.

हात कापत होते हे खरं होतं. पण रिकामे असले तरच. हातात हत्यार आलं आणि करंगळी कशावर तरी टेकली की ते थांबत. दात कोरणारा कारागीर करंगळी टेकवल्याशिवाय कामच करत नाही, त्यामुळे कामात कधी चूक झाली नव्हती. चूक झाली ती चहात. एका दुपारी दवाखान्यात त्यांच्या हातातली कपबशी किणकिणली आणि नेमक्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या.

डॉक्टरीणबाईंच्या वडिलांनी हा दवाखाना काढला. बाईंचा पहिला दुधाचा दात पडला तेव्हा तो धुऊन, डबीत घालून देणारे कवळीवालेच होते. कपबशी वाजल्यानंतर महिन्याभरानं मागच्या खोलीत फ्रिजएवढं एक पांढरं मशीन आलं. संगणकावर जबड्याचं चित्र काढलं की मशीन आपोआप दात कोरून देई. ते चहाही पीत नसे.

"काका, बसा ना," एका सोमवारी बाई म्हणाल्या.

माणसाला कामावरून उठवायचं असलं की आधी बसवतात. कवळीवाले उभेच राहिले.

"तुम्ही आता आराम करा, काका. किती वर्षं करणार? आम्ही सगळ्यांनी मिळून तुमच्यासाठी हे घड्याळ आणलंय. भिंतीवरचं."

"घड्याळ नको, डॉक्टर. वेळ झालेली मला कळते."

बाईंचे डोळे भरून आले. मशीन आणलं म्हणून त्या काही वाईट नव्हत्या. "मग काय देऊ? काहीही मागा."

कवळीवाल्यांनी खोलीभर नजर फिरवली. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले होते. गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांना तोंडावरून नव्हे, तोंडाच्या आतून ओळखू येत.

"तो गुलाबी पावडरीचा डबा द्या. आणि ती कालवायच्या रसायनाची बाटली."

"अहो, त्यात तळाशीच थोडी उरलीय. आणि आता ती पावडर आपण मागवणारही नाही."

"म्हणूनच."

डबा काखेत मारून ते निघाले आणि घरी पोचायच्या आत नव्या चासीची ऑर्डर देऊन मोकळे झाले. बायकोला हे सगळं उलट्या क्रमानं कळलं. आधी चासी, मग नोकरी.

"कामावरून काढलं त्या दिवशी माणूस गप्प बसतो," ती म्हणाली. "तुम्ही गाडी घेतलीत."

"गप्प बसायला पुष्कळ दिवस आहेत."

"किती वेगानं पळते?"

"जुनीच्या दुप्पट."

"मग बरोबर आहे," असं म्हणून ती भाजी चिरायला लागली. नक्की काय बरोबर आहे, हे विचारायचं धाडस कवळीवाल्यांना झालं नाही.

चासी आली ती सुट्ट्या तुकड्यांत. कार्बनची काळी पाटी, ॲल्युमिनियमचे खांब, चारी चाकांना लांबी कमीजास्त करता येणारे हात आणि दोनशेच्या वर स्क्रू. तीन दुपारी जेवणाचं टेबल जेवणासाठी बंद होतं. करंगळी टेबलाच्या कडेला टेकवून कवळीवाले स्क्रू बसवत आणि बायको पुस्तिका वाचून दाखवी. ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. प्रत्येक वाक्य दोनदा, स्वच्छ आवाजात आणि आपलं काहीही न मिसळता सांगायची तिला सवय होती.

"मोठं दातेरी चाक पुढच्या बाजूला डावीकडे. मागच्या बाजूला उजवीकडे. परत सांगते. पुढे डावीकडे. मागे उजवीकडे."

"ऐकलं."

"ऐकलं म्हणू नका. बसवलं म्हणा."

"बसवलं."

रविवारी फळ्यावर मोठ्या गटाची सहा नावं लिहिलेली होती. सहावं असं होतं: 'कवळीवाले (पाहुणे)'.

बायको पहिल्यांदाच मैदानावर आली होती. तिनं फळा वाचला. मग पर्समधून रुमाल काढला आणि कंस पुसून टाकला.

"वहिनी, अहो, ते मी लिहिलंय!" अध्यक्ष धावत आले.

"सात वर्षं येणारा पाहुणा तुमच्याकडे असतो का?" तिनं विचारलं. "आमच्याकडे चौथ्या दिवशी त्याला भाजी निवडायला बसवतात."

दुकानाचा माल उतरवायचा एक उंच धक्का होता. त्याच्या लोखंडी कठड्याशी उभं राहून सगळे गाड्या चालवत. सरावाला सहा गाड्या ओळीत लागल्या. खूण झाली. पाच गाड्या सुटल्या. सहावी जागच्या जागी किंचाळू लागली. तिची पुढची चाकं पुढे पळत होती आणि मागची मागे. टायरचा जळका वास सुटला. गाडी दोन्ही टोकांनी निघाली होती आणि कुठेच जात नव्हती.

धक्क्यावर हशा पिकला.

"कवळीवाले, कुठे जायचं ते तिला आधी नीट समजावून सांगा!" अध्यक्षांनी डोळे पुसले. "मागचं दातेरी चाक उलट्या अंगाला बसवलंत. इतकी वर्षं झाली, पण अशी चूक नवशिक्यांतही कुणी केली नाही."

"तू वाचलंस ते चुकलं का?" कवळीवाल्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"मी चुकीचा नंबर कधी जोडला नाही."

कवळीवाले गाडीकडे बघत राहिले आणि त्यांना उमगलं. एकेचाळीस वर्षं ते समोर आ वासलेल्या तोंडांचं काम करत आले होते. दाताच्या धंद्यात डावं म्हणजे पेशंटचं डावं, बघणाऱ्याचं उजवं. गाडीचं पुढचं टोक समोर धरून त्यांनी दातेरी चाक बसवलं तेव्हा गाडीचं तोंड खरोखरच त्यांच्याकडे होतं, म्हणून ते बरोबर बसलं. मग त्यांनी गाडी फिरवली आणि मागचं टोक समोर घेतलं. तेही त्यांनी तोंडच धरलं.

हे त्यांनी अध्यक्षांना सांगितलं असतं, पण गाडीच्या पार्श्वभागाला आपण पेशंट समजलो, हे कबूल करायला ती जागा बरी नव्हती.

"शर्यतीला पस्तीस मिनिटं आहेत," अध्यक्ष म्हणाले. आता त्यांच्या आवाजात खरीच दया होती, आणि ती हसण्यापेक्षा वाईट होती. "द्या इकडे, आमचा कुणीतरी खोलून देईल. अठरा स्क्रू काढून परत घालायचेत. तुमच्या हातांनी नाही व्हायचं ते. नाहीतर आज नवशिक्यांत पळवा जुनी. आणलीय ना?"

जुनी पिशवीत होती. कवळीवाल्यांनी पिशवीची चेन लावली.

"कुणी हात लावायचा नाही," ते म्हणाले.

ते धक्क्याच्या पायरीवर बसले. गाडी मांडीवर घेतली, करंगळी कार्बनच्या पाटीवर टेकवली आणि पहिला स्क्रू फिरवला. हात थांबला. स्क्रू बायकोच्या ओंजळीत पडत गेले आणि ती ते मोठ्यानं मोजत गेली. बाराव्या स्क्रूपर्यंत हसणाऱ्यांपैकी तिघं जवळ येऊन उभे राहिले होते. त्यांतला एक नकळत करंगळी आपल्या तळव्यावर टेकवून बघत होता. दातेरी चाक बाहेर निघालं, फिरलं आणि गाडीच्या उजव्या अंगाला बसलं. शेवटचा स्क्रू घट्ट झाला तेव्हा आठ मिनिटं उरली होती.

"सगळे अठरा," बायकोनं जाहीर केलं. "परत सांगते. अठरा."

शर्यत वीस फेऱ्यांची होती. कवळीवाल्यांनी रिमोटचं बूड कठड्यावर ठेवलं आणि करंगळी लोखंडावर रोवली. गाडी सरळ सुटली. इतकी सरळ की पहिल्या वळणाला त्यांना वळायची आठवणच उशिरा झाली. दुसऱ्या फेरीपासून जमू लागलं. वेग खरंच दुप्पट होता. प्रत्येक वळणाला वाटे, आता गेली. आणि ती जात नसे. नवव्या फेरीत मागून कुणाची तरी गाडी घासली आणि कवळीवाल्यांची गाडी सिमेंटच्या कडेवर आपटली. कट असा आवाज आला. पुढच्या चाकाचा हात तडकला आणि चाक बाहेरच्या बाजूला कललं.

"बाहेर घ्या गाडी!" आपली गाडी चालवताचालवता अध्यक्ष ओरडले.

"नियम आहे का?"

"अहो, लंगडतेय ती!"

"लंगडू द्या!"

ती अकरा फेऱ्या लंगडली. पाचवा येऊन बराच वेळ झाला, अध्यक्षांनी आपली गाडी खोक्यात भरली, तरी ती फिरत होती. नवशिके कडेला उभे राहून फेऱ्या मोजू लागले होते. विसावी झाली तेव्हा अध्यक्ष फळ्यापाशी गेले. सहाव्या नावापुढे त्यांनी सहा हा आकडा लिहिला. खडू तसाच टेकवून ते थोडा वेळ थांबले. पण पुसलेला कंस काही पुन्हा लिहिला नाही.

दुपारी जेवणाचं टेबल पुन्हा बंद झालं.

"हा हात बाजारात नवा मिळतो म्हणे," बायको म्हणाली. "काळाच. जोडल्याचं कळणारही नाही."

"मिळतो."

कवळीवाल्यांनी तडकलेल्या जागी दोन बारीक भोकं पाडली आणि गुलाबी डबा उघडला. पावडर घेताना चमचा डब्याच्या तळाला खरडला. तो आवाज दोघांनी ऐकला आणि दोघांनीही ऐकला नाही. बाटलीतला थेंब पडला, उग्र वास सुटला आणि काळ्याभोर चासीवर गुलाबी लगदा बसला. आता पाच मिनिटं ते तसंच धरून ठेवायचं होतं.

"द्या, मी धरते," ती म्हणाली.

तिनं गाडी हातात घेतली. कवळीवाल्यांचे हात रिकामे झाले आणि टेबलावर हळूहळू कापू लागले. तिनं गाडीवरची नजर न हलवता मोकळ्या हातानं स्क्रूड्रायव्हर त्यांच्याकडे सरकवला.