नवलच्या बोलेरोतला सबवूफर

सांगायची मला बिलकुल हौस नाही. माझं काम घुमायचं, बोलायचं नाही. पण शेजारी ही बसलीय ना, माझी अ‍ॅम्प्लिफायर, ती कधीची मागं लागलीय. "सांगा हो, लोकांना कळू द्या." लोक तिला 'तो' म्हणतात. म्हणोत. हिनं वीज सोडली तरच मला कंठ फुटतो, म्हणून हिचं ऐकावं लागतं.

तर मी सबवूफर बोलतोय. मुक्काम दोंडाईचा, नवलच्या बोलेरोचा मागचा कोपरा. गाण्यातलं जे कानाला नाही, छातीला ऐकू येतं, ते माझं. ढोलाचा दणका माझा. नाजूक गळे, सनया, हे गाडीच्या दारांतल्या बारक्या स्पीकरांचं काम. अक्कल कमी, पण मिरवतात फार.

जन्म कुठं झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा थर्माकोलात रुतलेलो होतो. नवलनं मला जळगावहून आणलं. पोरगा लग्नाची वऱ्हाडं वाहतो. गाडीत दणका नसला तर वऱ्हाडी नाक मुरडतात. त्याच्या आईनं, प्रमिलाबाईंनी, माझ्यापुढं नारळ फोडला आणि थेट माझ्या पोटावर कुंकू लावलं. पोटाचा तो पडदा कागदाचा असतो, त्यावर ओलं बोट लावू नये, हे त्या माउलीला कोण सांगणार? डाग अजून आहे. मी तो पुसू देत नाही.

आता मला जोडीदार हवी होती. सबवूफर एकटा म्हणजे नुसता डबा. वीज वाढवून द्यायला अ‍ॅम्प लागते. आणि आमच्याकडे सोयरीक कशी जमते ते तुम्हाला माहीत आहे. स्टँडसमोर तोताराम तात्याचं गाडी-सजावटीचं दुकान. तात्या नवलचा भाऊबंद. भाऊबंदाचं दुकान सोडून दुसरीकडं गेलं तर पुढच्या पंगतीत ऐकून घ्यावं लागतं. आणि घरच्या माणसाला खोदून विचारायचं तरी कसं? वाईट दिसतं. नवलनं काही विचारलं नाही.

तात्यानं एक खोका काढला. वर भल्यामोठ्या अक्षरात तीन हजार वॅट. लग्नाच्या बायोडेटात पगार लिहितात तसं. खरी ताकद शंभराचीसुद्धा नव्हती, आणि मी चारशेचं खाणारा गडी! त्या बिचारीचा दोष नाही. तिच्या अंगात होतं तेवढं तिनं दिलं. माझ्या पोटाला ते पुरेना.

नवल म्हणाला, "तात्या, आवाज दबेल वाटस."

तात्या म्हणाला, "बठ्ठा बटन फुल कर! घाबरस काय?"

केली सगळी बटनं फुल. ती धापा टाकायला लागली. दमलेला माणूस ओरडला की आवाज फाटतो, तसा तिचा फाटला, आणि तो फाटका आवाज माझ्या पोटातल्या तारेवर आदळत राहिला. तार तापली. शहाद्याच्या एका वरातीत माझ्यातून करपल्याचा वास सुटला. वरमाईनं नाकाला पदर लावला.

तात्यानं मला हातसुद्धा लावला नाही. लांबूनच वास घेतला आणि निकाल दिला, "हाऊ जळी गया. भंगारमा टाकी दे."

लांबून! डॉक्टर निदान नाडी तरी धरतो.

नवलनं मला घराच्या मागच्या पडवीत ठेवलं. तिथं माझं स्टूल झालं. प्रमिलाबाई माझ्यावर बसून भरिताची वांगी सोलायच्या. माळ्यावर चढायचं तर माझ्यावर पाय. वना आबा, नवलचे वडील, माझ्यावर बसून दाढी करायचे आणि साबणाचा फेस माझ्याच डोक्यावर पुसायचे. गाडीत त्या बारक्या स्पीकरांची चैन चाललेली मला ऐकू यायची. दणका नाही, नुसती किरकिर. वऱ्हाडं दुसऱ्या गाड्या बघायला लागली.

मग श्रावण आला. यंदा कानबाई नवलच्या घरी बसणार होती. कानबाई आमच्या खानदेशाची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते, सगळे भाऊबंद रोटांच्या प्रसादाला तिथं जमतात, आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर पोचवतात. देवी यायची म्हणून घर झाडून, पुसून लख्ख. अडगळ अंगणात निघाली. अडगळीत मी. दारात भंगारवाला हिलाल काटा घेऊन उभा. माझा हिशेब संपला, असं मी धरून चाललो.

प्रमिलाबाईंनी देताना तरी स्वच्छ द्यावं म्हणून मला पुसायला घेतलं. जाळी काढली. कुंकवाचा डाग दिसला आणि त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तळवा माझ्या पोटावर ठेवून हळूच दाबला, पुरणपोळीची कणीक भिजली का बघतात तसा. मी आत गेलो, मऊपणानं वर आलो. कुठं खरखर नाही.

"अहो, हाऊ ते जित्ता शे!"

वना आबा उठून आले. त्यांनीही दाबून बघितलं. "याले इकू नको रे नवल. याना दम गया नही. एक बैल दांडगा नि दुसरा गोऱ्हा जुपा, ते गाडं चालई का? याना जोडीदार चुकना."

हिलाल म्हणाला, "आबा, मंग मी काय नेऊ?"

"तुले रोट खावाले रविवारी ये!"

नवलनं मला जळगावला नेलं, बहिणीच्या नवऱ्याकडं. जगदीश दाजींचंही तसंच दुकान. त्यांनी आधी माझ्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचलं, तार मीटर लावून मोजली. "हा ठणठणीत आहे, नवल. त्याला उपाशी ठेवून ओरडायला लावलंत तुम्ही." मग माझ्या ताकदीची ही अ‍ॅम्प शोधून काढली. खोक्यावर मोठा आकडा नाही, मागं खरा आकडा. बटन निम्म्याच्याही अलीकडं ठेवलं आणि गाणं लावलं.

काय सांगू! दुकानाच्या काचा थरथरल्या. शेजारचा चहावाला कप धरून बाहेर आला. मी पहिल्यांदा पोटभर जेवलो होतो.

सोमवारी कानबाई निघाली. बायकांच्या डोक्यावर देवी, मागं नवलची बोलेरो, तिच्यात आम्ही दोघं. प्रमिलाबाईंनी अशा फुगड्या घातल्या की भावकीतल्या सुनांना धाप लागली. आबांनी टोपी उडवली. आणि गाडीपुढं सगळ्यांत जोरात कोण नाचत होतं? तोताराम तात्या!

घाम पुसत तो खिडकीशी आला. "नवल, नवा लिधा का रे? झकास वाजस!"

नवल हसला. "ना तात्या. तोच शे. तुम्ही भंगारमा टाका म्हने ना, तोच."

'चुकलं माझं' म्हणेल असं वाटलं. आता म्हणेल. आता म्हणेल.

तात्या खाकरला. आभाळाकडं बघितलं. "कानबाईनी कृपा!" म्हणाला आणि पुन्हा नाचायला पळाला.

तेव्हापासून वऱ्हाडं आम्हाला सोडत नाहीत. माझं मागणं एवढंच, की जोडी जमवताना खोक्यावरचं नका वाचू, दोघांचा दम बघा, आणि घरच्या माणसालाही विचारा. बाकी मी सुखात आहे. ही शेजारी आहे, कुंकू जागेवर आहे. फक्त एक माफी यायची राहिलीय. तो रोज गाडीला टेकून चहा पितो, माझा ताल धरतो, आणि तेवढं सोडून सगळं बोलतो. दोंडाईचा स्टँडसमोरचं दुकान. नाव तोताराम.