दोन ठिपक्यांची पायरी

मिस्त्रींनी ती नखाएवढी पितळी पायरी चिमट्यात धरून दिव्याखाली नेली, भिंगातून पाहिली, उलटी करून पुन्हा पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली.

“डावी आहे,” ते म्हणाले.

“हो का?” जावई म्हणाला.

“मागच्या रविवारी बसवली तीही डावीच. उजवीकडून ड्रायव्हरने इंजिनात चढायचं कसं? उडी मारून?”

“नकाशात नीट कळत नव्हतं.”

“नाचता येईना, अंगण वाकडं!”

इंजिन वीतभर लांबीचं होतं, जुन्या वाफेच्या इंजिनाची हुबेहूब नक्कल. पाकिटातून निघाले ते पितळेचे पातळ पत्रे, आणि त्यांवर ॲसिडने कोरलेले सगळे भाग. एकेक भाग कापून काढायचा, कानशीने कडा घासायच्या, कोरलेल्या रेघेवर दुमडायचा आणि डाख लावून जोडायचा. दुमडताना रेघ घडीच्या आत राहिली पाहिजे. बाहेर राहिली की उजव्याचं डावं होतं, आणि चूक सुधारायला पत्रा उलटा वाकवावा तर तो घडीवर तुटतो.

मिस्त्रींचा जन्म कारखान्यात लेथवर गेला होता. ते निवृत्त झाले त्या दिवशी जावयानेच हे पाकीट त्यांच्या हातात ठेवलं होतं. “हात रिकामे राहिले तर घर खायला उठेल तुम्हाला,” असं म्हणून. पुढे दोघांनी मिळूनच काम धरलं. दर रविवारी मुलगी आईशी गप्पा मारत बसायची आणि हे दोघं मागच्या खोलीत टेबलाला चिकटलेले असायचे.

मग मुलगी आणि जावई वेगळे झाले. मारहाण नाही, कज्जा नाही. दोघंही चांगली, पण दोघांचं जमलं नाही. मुलगी नोकरी धरून दुसऱ्या गावी गेली. बोल लावायचा कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ. घटस्फोटाच्या सह्या झाल्या त्यानंतरच्या रविवारी जावई दारात येऊन उभा राहिला. चपलाही न काढता म्हणाला, “तुमची हरकत नसेल तर इंजिन होईपर्यंत येतो.”

“काम अर्धवट टाकणारी माणसं मला आवडत नाहीत,” मिस्त्री म्हणाले आणि बाजूला झाले.

त्या विषयावर त्यांचं बोलणं झालं ते तेवढंच. तेव्हापासून तो त्यांना ‘बाबा’ म्हणत नव्हता. ‘ऐका ना’, ‘हे बघा’ यावर भागवत होता. मिस्त्रींनीही ‘जावईबापू’ गिळून टाकलं होतं. शेजारी म्हणत, यांची मुलगी सुटली पण जावई काही सुटत नाही. मुलगी फोनवर विचारायची, “झालं का तुमचं इंजिन?” आणि मिस्त्री म्हणायचे, “होतंय.” ती नक्की काय विचारते आहे हे त्यांना कधी कळलं नाही, आणि खोदून विचारायचा त्यांना धीरही झाला नाही.

आता एवढी एक पायरी राहिली होती.

“कंपनीला लिहितो,” जावई म्हणाला. “नवीन तुकडा यायला महिना तरी लागेल. जास्तच.”

शब्द दिलगिरीचे होते, पण आवाज शाळेला सुटी मिळालेल्या पोराचा होता. मिस्त्रींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. मग माप घ्यावं म्हणून ती पायरी पुन्हा उचलली, आणि तेव्हा त्यांना ठिपके दिसले.

भाग पत्र्यातून सुटा करण्याआधी सुईने त्याच्यावर खूण करायची, डाव्याला एक ठिपका आणि उजव्याला दोन, ही शिस्त मिस्त्रींनीच घालून दिली होती. ठिपके रेघेच्याच बाजूला करायचे, म्हणजे घडीच्या आत जातात आणि नंतर दिसत नाहीत. या पायरीवर दोन ठिपके होते आणि ते बाहेरच्या बाजूला, ढळढळीत समोर होते. म्हणजे भाग उजवा आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर भिंगं घासणारा हा माणूस, केसाएवढा फरक बोटाने ओळखणारा. दुमडताना त्याला दोन ठिपके दिसले नाहीत?

मग मागचंही एकेक आठवू लागलं. धुराडं तिरकं बसलं म्हणून काढावं लागलं होतं. चाकं अडत होती म्हणून सगळी पुन्हा बसवली होती. हरवलेला स्क्रू दोन रविवारांनी टेबलाखालीच सापडला होता. तेव्हा मिस्त्रींनी त्याला सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! घडा पालथा का होता हे त्यांना आत्ता कळलं.

आधी त्यांना संताप आला. मुद्दाम काम बिघडवायचं म्हणजे काय? पण तो संताप टिकला नाही. मागचा महिनाभर आपण बॉयलरची गुळगुळीत झालेली कड घासत बसलो होतो, तेही त्यांना आठवलं. कडेला आणखी घासायची गरज नव्हती. इंजिन संपण्याची त्यांनाही भीती वाटत होती.

“महिना कशाला?” ते म्हणाले. “कंपनी काय आपल्यापेक्षा शहाणी आहे?”

पत्र्यांच्या रिकाम्या चौकटी त्यांनी टाकून दिलेल्या नव्हत्या. त्यातली एक पट्टी त्यांनी व्हाइसमध्ये धरली, रेघ ओढली, कापली, घासली. जावई बघत होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मिस्त्रींनी पट्टीवर सुईने दोन ठिपके केले, रेघ आत घेऊन ती दुमडली आणि गुण्या लावून काटकोन पाहिला.

“धरा. डाख तुम्ही लावा.”

जावयाने डाख लावला, आणि तो इतका स्वच्छ लावला की जोड दिसेना. हात खोटं बोलत नाहीत, मिस्त्रींच्या मनात आलं.

टेबलावर रूळ होता हातभर. इंजिन त्यावर ठेवून मिस्त्रींनी विजेचं बटण फिरवलं. ते जरा थरथरलं, मग चाकं फिरली, दांडे मागेपुढे होऊ लागले आणि इंजिन या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. परत आलं. पुन्हा गेलं. मिस्त्रींची बायको चहा घेऊन दारात आली होती, ती तशीच ट्रे धरून उभी राहिली.

“छान झालं,” जावई म्हणाला. मग त्याने आपला बारका स्क्रूड्रायव्हर पुसला. इतके दिवस तो इथेच मिस्त्रींच्या डब्यात असायचा. आज त्याने तो खिशात ठेवला.

“तो स्क्रूड्रायव्हर कुठे निघाला?” मिस्त्रींनी विचारलं.

“झालं ना आता.”

“काय झालं? इंजिन झालं. गाडी कुठे झाली? नुसतं इंजिन पळतंय एकटंच वेड्यासारखं. त्याला डबे नकोत?”

जावयाचा हात खिशावरच राहिला.

“आणि एक सांगून ठेवतो, जावईबापू. दोन ठिपक्यांच्या तुकड्याची डावी पायरी यापुढे होता कामा नये. कामात खोट मला चालत नाही. तुम्हाला यायचं असेल तर या. त्यासाठी पितळ कशाला वाया घालवता?”

जावयाचे कान लाल झाले. त्याने रुळाकडे पाहिलं. मग खिशातून स्क्रूड्रायव्हर काढून डब्यात त्याच्या जागी ठेवला.

“किती डबे लावायचे, बाबा?”

मिस्त्री चष्मा काढून पुसायला लागले. उत्तर दारातून आलं.

“मालगाडी करा,” बायको ट्रे टेबलावर ठेवत म्हणाली. “ती लांब असते.”