मागची गाडी सुटली तेव्हा

माझ्या नवऱ्यानं, मर्लनं, बत्तीस वर्षं मालट्रक चालवला. निवृत्त झाल्यावर घर विकून आम्ही मोटरहोममध्येच, म्हणजे घरासारख्या मोठ्या गाडीतच, राहायला लागलो. मागे आमची छोटी निळी गाडी बांधलेली असायची. ती जोडायचं काम मर्लचं: आधी लोखंडी दांडा, मग दोन साखळ्या, शेवटी एक बारीक तार. चालताना गाडी सुटलीच, तर त्या तारेला हिसका बसून मागच्या गाडीचे ब्रेक आपोआप लागतात.

वर्षभरापासून मर्ल विसरायला लागला होता. आधी माणसांची नावं, मग गोळ्या. डॉक्टरचं नाव काढलं की चिडायचा.

त्या सकाळी बफेलो गावच्या कॅम्पमधून निघताना तो गाडी जोडत होता, तेवढ्यात शेजारचा माणूस गप्पा मारायला आला. बोलणं संपलं आणि मर्ल सरळ येऊन स्टिअरिंगवर बसला.

"तार लावलीस ना?" मी विचारलं.

"लेनोरा, मी ट्रक हाकत होतो तेव्हा तुला सायकलसुद्धा येत नव्हती."

"मी एकदा उतरून बघते."

"बस खाली. आता तू माझी कामं तपासणार का?"

मी बसले.

बिगहॉर्न डोंगराचा चढ लागला. मागचं दाखवणाऱ्या पडद्यावर निळी गाडी अचानक लहान दिसायला लागली.

"मर्ल, गाडी सुटली."

त्यानं ब्रेक दाबला. निळी गाडी उतारावरून उलटी चालली होती. आता थांबेल, आता थांबेल, असं म्हणत मी पडद्याकडे बघत राहिले. ती वळणाआड गेली. मग आवाज आला.

खालून येणाऱ्या एका पिकअपवाल्यानं तिला चुकवायला चाक फिरवलं होतं. पिकअप चरात आडवी झाली होती. आत एचेव्हेरी नावाचा मेंढपाळ होता, पन्नाशीचा. त्याचा पाय दाराखाली अडकला होता. फोनला रेंज नव्हती. मर्लनं एका मोटरसायकलवाल्याला निरोप देऊन पिटाळलं, मग वरच्या वळणावर उभा राहून येणाऱ्या गाड्या थांबवत राहिला. मी त्या माणसाचा हात धरून बसले.

"तुमच्या गाडीत कुणीच नव्हतं," तो म्हणाला. "मी शिव्या द्यायच्या कुणाला?"

"मला दे."

तो हसायला गेला आणि कळवळला. मदत यायला पाऊण तास लागला.

पोलिसानं मोटरहोमच्या मागे वाकून पाहिलं. तार तशीच लोंबत होती. साखळ्याही. दांड्याची खीळही नीट बसवलेली नव्हती.

"गाडी कुणी जोडली?"

"मी. साखळ्या लावल्या, तार लावली, या हातांनी," मर्ल म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

पोलिसानं माझ्याकडे पाहिलं.

"तो विसरतो," मी म्हणाले. "मला माहीत होतं."

मर्ल एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसा माझ्याकडे बघत राहिला.

एचेव्हेरीचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मर्लचा परवाना गेला, मोटरहोम विकली. आता आम्ही कॅस्परला, मुलीकडे राहतो.

दर दोन-चार दिवसांनी मर्ल विचारतो, "आपली निळी गाडी कुठे गं?"

सुरुवातीला मी सगळं खरं सांगायची. प्रत्येक वेळी तो पहिल्यांदाच ऐकायचा. तोंडावर हात ठेवून विचारायचा, "कुणाला लागलं?" पायाचं सांगितलं की दिवसभर जेवायचा नाही. संध्याकाळपर्यंत का जेवलो नाही तेही त्याला आठवायचं नाही.

आता मी सांगते, गाडी दुरुस्तीला दिली आहे.

"काय झालं तिला?"

"ब्रेक," मी म्हणते.

"मग मला सांगायचं नाही का? मी बघितले असते," तो म्हणतो.