कोळीवाड्यातल्या सुनेचा पहिला भात

आमच्या सेंलुईच्या बेटावर मासे-भात रांधावा तर मीच, असा माझा तोरा. आजीच्या काळी घरोघर बाजरी. ही तांदळाची कणी गोऱ्यांच्या जहाजांतून आली, पण तिला चव दिली ती आमच्या बायकांनी. लग्न झालं की सुनेनं सासरच्यांना हा भात रांधून घालायचा. त्या एका परातीवर तिचं नाव ठरतं, जन्माचं.

माझी सून आरामे पुलापलीकडच्या वाळूपट्टीवरची, कोळ्याची. मला ती नकोच होती.

तिच्या पहिल्या भाताच्या दिवशी ती पातेलं ठेवून नमाजाला गेली. मी झाकण काढलं. शंखातलं मांस कुजवून वाळवतात, त्याला आम्ही येत म्हणतो. नखाएवढं पुरतं. मी मूठभर टाकलं.

सगळे एकाच परातीभोवती बसताच माझ्या नणंदेनं, दादोनं, नाक धरलं. "काय गं, बापाची होडीच उकडलीस का?"

सगळे हसले. मीही हसले. आरामेनं बोटानं रस चाखला, माझ्याकडे एकदाच पाहिलं. "माझाच हात चुकला, आई."

तेव्हापासून गल्लीत ती येतवाली. बावीस वर्षं! माझ्या दुखण्यात हागणं-मुतणं तिनंच काढलं, आणि मी तोंड शिवून पडले होते.

परवा तिच्या लेकीचा सासरी पहिला भात. मी, आरामे आणि दादो, आम्ही तिघी मदतीला गेलो. आरामे चुलीपाशी पाटावर बसली ती हललीच नाही. अजान झाली.

"जा, पढून ये. मी बघते पातेलं," मी म्हणाले.

"नको. तुम्ही पढा. मी मागून पढेन."

आवाज नेहमीचाच, मऊ. हिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

भात फक्कड झाला. विहीणबाई बोटं चाटत होत्या. दादोची जीभ कुठली गप्प बसते! "नशीब, पोरीनं आईचा हात नाही घेतला."

"दादो, हिच्या पहिल्या भातात ते येत मी टाकलं होतं," मी म्हणाले. "ही नमाजाला गेली होती तेव्हा. मुद्दाम."

परातीतले हात थांबले.

माशाचा पोटाकडचा तुकडा आरामे रोज मोडून माझ्यापुढे सारते. आजही तिनं तो मोडला. क्षणभर बोटांत धरला.

मग स्वतः खाल्ला.

मी माझ्यापुढची कोरडी कणी चावत राहिले.