चार मात्रांचं थांबणं

स्क्रीनवरचा तडा नेमका ‘झोप’ या शब्दावरून गेला होता. ‘बाईंना गाता गाता मध्येच झोप लागते काय?’ — आणि त्यापुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चार पिवळे चेहरे... उर्वशीनं मोबाइल तिरका केला, पुन्हा सरळ केला, जणू तिरका धरल्यावर त्या माणसाचं मत बदलणार होतं, आणि मग अंगठ्यानं त्याला वर ढकलून दिलं. खाली दुसरा कुणीतरी होता. ‘ती थांबली आणि मी घराबाहेर येऊन उभा राहिलो. बाबा गेल्यापासून रडलो नव्हतो.’ जागा तीच, दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ. तिथं एकाला झोप आठवली आणि एकाला बाप. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. तुमसरहून सिहोऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा मिळालेली, बाहेर दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या बांध्या, धानाची शेतं, त्यांत वाकलेल्या बायांच्या रांगा, आणि अडतीस वर्षांची बाई आपल्या गाण्याखालची लोकांची मतं चाळत बसलेली — शोभतं का हे?

तसं तिला मतांचं भय नव्हतं. चौदा वर्षं शाळेत संगीत शिकवणाऱ्या बाईला नापसंतीची सवय असते. आठवीचा वर्ग ती रोज तोंडावर देतो. आपला गळा चांगला आहे हे तिला माहीत होतं, आणि माहीत आहे हे लपवण्याचा खोटा विनय तिच्याजवळ नव्हता. प्रश्न गळ्याचा नव्हताच. प्रश्न त्या थांबण्याचा होता, आणि त्याचं उत्तर आज संध्याकाळी पाच वाजेपर्यंत द्यायचं होतं.

पिक्चर जादूचा. त्यात उडणारे घोडे आहेत, सात तोंडांची मगर आहे, आणि लढाईत पडलेल्या नवऱ्याकडे पाठ फिरवलीस तर दगड होशील असा शाप असलेली एक राणी आहे. ती रणापासून राजधानीपर्यंत उलट्या पावलांनी चालते आणि चालता चालता त्याची सगळी गोष्ट गाते, जन्मापासून मरणापर्यंत, नऊ कडव्यांत. ओठ नटीचे, आवाज उर्वशीचा. आणि चाल सिहोऱ्याची — रोवण्याची. बाया रांगेनं वाकून धान रोवतात, रोप खोचलं की एक पाऊल मागं, पुन्हा रोप, पुन्हा मागं. म्हणजे त्याही दिवसभर उलट्याच चालतात. संगीतकाराला हे सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच होता. “आणि इथं का थांबता?” त्यानं ओळीच्या शेवटी बोट ठेवून विचारलं होतं. उर्वशीनं सांगितलं. एखादी बाई हळू रोवते, बाकीच्या मागं सरकत जातात आणि ती एकटी पुढं राहते, तिच्याभोवती रोपं उभी राहतात. म्हणून गाणारीण ओळ संपवून गप्प होते, सगळ्यांचे हात थांबतात, ती ओळीत येते, मग पुढची ओळ. संगीतकारानं ती जागा वहीत खुणावून घेतली. मग त्यानं विचारलं, “थांबणं किती ठेवायचं?” आणि तिनं फट्कन सांगितलं, “चार मात्रा.” संगीताच्या तीन परीक्षा पहिल्या वर्गात पास झालेल्या बाईला एवढं तर सांगता यायलाच पाहिजे होतं. हेडफोनमधून कानात तालाची टकटक वाजत राहिली आणि प्रत्येक कडव्यानंतर ती बरोबर चार मात्रा थांबली, एका केसाचाही फरक न पडता.

भंडाऱ्याला जाऊन दोघांनी पिक्चर पाहिला तेव्हा तिच्या गाण्याला अर्धा हॉल समोसे आणायला उठला. योगेंद्र — तिचा नवरा, वरठीच्या कारखान्यात मोटारसायकलनं जाऊन-येऊन करणारा, चिडला की नाकपुड्या फुगवणारा — प्रत्येक उठणाऱ्याकडे असा बघत होता की जणू तो योगेंद्रच्याच लग्नाच्या पंगतीतून उठून चाललाय. पण पुढच्या रांगेत एक म्हातारी होती. सातव्या कडव्यापर्यंत तिनं हातातला मक्याचा दाणा तोंडात टाकला नाही, तसाच धरून ठेवला... त्या दाण्यावर उर्वशी आठवडाभर जगली.

मग काल मेघाचा फोन आला. मेघा म्हणजे संगीतकाराची मुंबईची मदतनीस, गोड बोलणारी. “उर्वशीताई, गाणं सुंदरच आहे, पण लोकांत अगदी दोन तट पडलेत. थांबायच्या जागा काढल्या तर साडेचार मिनिटांत बसतं. मशीनवर कापून पाहिलं, पण तुमचा सूर आधीच उतरायला लागतो, कापलेलं कळतं. सोमवारी सकाळी नागपूरला येऊन न थांबता गाऊन द्याल? उद्या पाचपर्यंत सांगा. नाहीतर सर दुसऱ्या मुलीकडून गाऊन घेणार.” दुसरी मुलगी. म्हणजे राणीच्या ओठांतून दुसरा आवाज, आणि पुढच्या पिक्चरला बोलावणंही तिलाच. उर्वशीला हे गाणं हवं होतं. जिवापाड हवं होतं. सिहोऱ्याच्या गाणाऱ्या निर्मलाबाईची मुलगी म्हणून नाही, स्वतःच्या नावानं, अडतिसाव्या वर्षी, एकदाचं.

“तू हो म्हन नाही तं नाही म्हन,” सकाळी बसस्टँडवर सोडताना योगेंद्र म्हणाला होता, “पन जीव नोको खाऊ आपला. ज्यायले झोप येते त्यायले झोपू दे.”

“मले नाहीच म्हनायचं आहे,” ती म्हणाली होती.

“मंग सिहोऱ्याले काहून चालली?”

भावाला भेटायला, तिनं सांगितलं. खोटं. तिला त्या बायांच्या तोंडून ऐकायचं होतं की पोरी, तू बरोबर थांबलीस. तेवढं ऐकलं की पाच वाजता मेघाला ताठ मानेनं नाही म्हणता आलं असतं — तुमच्या झोपाळू लोकांना काय कळतंय, ज्यांचं गाणं आहे त्यांना विचारा! हे वाक्य तिनं बसमध्ये तीनदा मनात म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा छान बसलं.

ईश्वरची, म्हणजे तिच्या भावाची, बांधी तलावाच्या पाराखाली, मातीच्या भरावाखाली होती. बाया नुकत्या जेवून हात धूत होत्या. बारा जणी, निम्म्या तिच्या आईबरोबर रोवलेल्या. चार वर्षांपूर्वी आई गेल्यावर गाण्याचं पुढारपण शकुनबाईकडे आलं होतं — साठी ओलांडलेली, कोरडी, हसली तरी कुणाला न कळणारी. गाणं सगळ्यांनी ऐकलं होतं आणि इथंही मतं दोन झाली होतीच.

“मले तं रडू आलं बापा,” लंगडत चालणारी चंदा म्हणाली.

“तुले जाहिरात पाहूनही रडू येते,” दुसरीनं तिला गप्प केलं. “अन् ते रानी किती सजून होती! नवरा मेला, चिखलातून चालून राहिली, अन् नथ जागची हालत नाही.”

उर्वशी मनापासून हसली. इथं तिला बरं वाटत होतं. शकुनबाई मात्र तंबाखू मळत बसली होती, आणि उर्वशीला हवं ते तिच्याच तोंडून हवं होतं.

“शकुनकाकी, तुमी आयकलं का?”

“चार खेपा आयकलं. गळा तुया मायचाच आहे.” तिनं तंबाखूची चिमूट दाढेत ठेवली. “पन तू थांबली कोनासाठी वं?”

“म्हन्जे?”

“हरेक खेपेले तेवढीच थांबते तू. पुढं राहिलेली बाई काय घड्याळ लावून राहते?”

बाया हसल्या. उर्वशीही हसली, पण तिचं हसणं गालातच राहिलं. “मांगं बाजा असते काकी. मोजून थांबा लागते.”

“मंग मोज ना. मी कुठं नाही म्हनून राहिली?”

“ते मुंबईवाले म्हनून राहिले का थांबनंच काढून टाक.”

“काढू दे,” शकुनबाई उठत म्हणाली. “तेवढ्याशा थांबन्यानं कोनी ओळीत येनार आहे का?”

एवढंच. बाया बांधीत उतरू लागल्या. उर्वशी पारावर उभी राहिली आणि तिला पहिल्यांदा राग आला, खरा राग, बसमध्ये आला नव्हता तसा. म्हणजे मेघाही काढा म्हणते आणि शकुनकाकीही काढा म्हणते? एकीला थांबणं जास्त झालं, दुसरीला कमी, आणि दोघींच्या मध्ये मी माझ्या चार मात्रा घेऊन... चुकले असेन तर चुकले, पण मला कुणी बसून शिकवलं होतं का? आईनं कधी सांगितलं का की इथं एवढं थांब, तिथं तेवढं? दुसरी परीक्षा पास झाले तेव्हा मीच तिला म्हणाले होते — याच बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या बांधावर बसून, मांडीवर ताल धरून — “आई, तू दर वेळी वेगळी थांबतेस. कधी तीन, कधी नऊ. ताल चुकतो.” आणि आई पायाचा चिखल धूत म्हणाली होती, “चुकत असन बाई.” तिनं भांडायचं होतं. ती तेव्हा भांडली असती तर आज मला...

तिनं चपला काढल्या, पर्स धुऱ्यावर ठेवली, ओढणी कमरेला गच्च बांधली. “एक पेंडी द्या मले.”

“आल्या मास्तरीनबाई!” कुणीतरी म्हणालं, आणि रोपांची एक जुडी तिच्यापुढे पाण्यात छप्पकन पडली. रांगेनं सरकून तिला मध्ये जागा दिली. शकुनबाई कडेला होती. तिनं ओळ उचलली, बायांनी झेलली, आणि उर्वशीनं अंगठा नि दोन बोटं चिखलात घातली. वीस वर्षांनी. पहिली पाच-सहा रोपं फार चांगली लागली. तिला वाटलं, हात विसरत नाही म्हणतात ते उगाच नाही. मग एक रोप तरंगून वर आलं. ते पुन्हा खोचेपर्यंत डावीकडची बाई एक पाऊल मागं गेली होती. तिला गाठायला घाई केली तर दोन रोपं तरंगली. कमरेत कळ आली. ती सरळ झाली, पुन्हा वाकली, आणि जेव्हा तिनं बाजूला पाहिलं तेव्हा बाजूला बाई नव्हती, रोपं होती. डावीकडे रोपं, उजवीकडे रोपं, आणि रांग मागं निघून गेलेली.

ओळ संपली. शकुनबाई गप्प झाली.

बारा जणींचे हात थांबले. कुणी बोललं नाही, आणि कुणी पाहिलंही नाही. सगळ्या वाकलेल्या, आपापल्या हातातल्या रोपांकडे बघत. शकुनबाई तर भलतीकडेच, तलावाच्या बाजूला तोंड करून. उर्वशीच्या डोक्यात सवयीनं मोजणी सुरू झाली — एक, दोन, तीन, चार... चारला काहीच झालं नाही. पाच. सहा. तिच्या हातातलं रोप अजून जमिनीत गेलं नव्हतं. सात... कुठल्याशा बाईच्या प्लॅस्टिकच्या खोळीवर पावसाचे थेंब वाजत होते आणि ते तालात नव्हते. अकरानंतर मोजणी तुटली.

म्हणजे हे असं असतं. पाहायचं नाही. जिच्यासाठी थांबायचं तिला कळू द्यायचं नाही. आई अशीच तलावाकडे तोंड करून... आणि आपण धरून चाललो की ती चंदासाठी थांबते, लंगड्या चंदासाठी. सगळं लहानपण आपण चंदाची कीव केली. पण परीक्षेच्या त्या वर्षी चंदा कुठं होती? त्या वर्षी तर तिचा पाय पुन्हा मोडला होता, ती घरी होती, अख्खा हंगाम. रांगेत सगळ्यांत लहान मी होते. आईच्या उजव्या हाताला. कधी तीन, कधी नऊ... मी तिला ताल शिकवत होते, आणि ती माझी रोपं मोजत होती. चुकत असन बाई, म्हणाली. पाय धूत म्हणाली, वर न बघता.

डोळे भरून आले, आणि चिखलाच्या हातांनी ते पुसता येईनात. येऊ देत. इथं कुणी बघत नाही.

धुऱ्यावर पर्समध्ये मोबाइल वाजायला लागला. पाच वाजायला अजून अवकाश होता; मेघाला धीर निघाला नसेल. उद्या सोमवारी नागपूरला जाऊन मी काय मागेन हे मला आत्ता कळायला लागलं होतं — कानातली टकटक बंद करा, स्टुडिओच्या काचेपलीकडे, जिच्यासाठी थांबायचं अशी एक बाई उभी करा, मी तिच्याकडे बघणार नाही. ते हसतील. कदाचित ऐकतील. कदाचित तोवर दुसऱ्या मुलीला बोलावलेलंही असेल, आणि ते मला सोसेल का, ते आत्ता सांगता येत नाही. फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजू लागला. शकुनबाईची मान हलली नाही.

माझ्या हातात अजून सात रोपं होती. मी त्यातलं एक वेगळं केलं, नीट, मुळाशी धरून.